वृंदातली जागा : दिव्यांग तरुण आणि समूहवादनाची फेरमांडणी

अनेक वादकांनी एकाच काळात, परंतु आपापल्या वाट्याचे निराळे काम करीत, एक रचना उभी करणे म्हणजे समूहवादन होय. एकल वादनात वादक थांबला की संगीत थांबते. समूहवादनात एक वादक थांबला तरी संगीत पुढे जाते, मात्र त्यात एक पोकळी राहते आणि ती पोकळी इतर वादकांना तत्काळ जाणवते. वृंदातील सदस्यत्वाची खरी कसोटी हीच मानावी लागते, की त्या व्यक्तीने न वाजवल्यास रचनेत काही तरी उणे पडले पाहिजे. ज्या मुलाच्या हाती खुळखुळा देऊन त्याला मागच्या रांगेत बसवले जाते, आणि ज्याचा खुळखुळा वाजला किंवा न वाजला तरी रचनेला काहीच फरक पडत नाही, ते मूल मंचावर असते; वृंदात ते नसते. शारीरिक, ऐंद्रिय किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना आणि तरुणांना समूहवादन सुलभ करून देणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार पुढील पृष्ठांत याच कसोटीवर केलेला आहे.

विवेचनाचे क्षेत्र प्रामुख्याने ब्रिटन आहे. तिथे हा प्रश्न सुटला आहे असे नव्हे. परंतु गेल्या दीड दशकात विशेष शाळेपासून व्यावसायिक मंचापर्यंत सर्व पातळ्यांवर तिथे काम झाले, आणि त्यामुळे अडचणी कुठे येतात व कोणते उपाय अपुरे पडतात हे तिथे अधिक स्पष्ट दिसते. २०११ साली संगीतसंचालक चार्ल्स हेझलवूड यांनी 'पॅराऑर्केस्ट्रा' हा दिव्यांग वादकांचा व्यावसायिक वृंद स्थापन केला, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या पॅरालिंपिक स्पर्धांच्या समारोपात 'कोल्डप्ले' या बँडसोबत तो जगासमोर आला. उत्तर प्रदेशात जन्मलेले आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले अंध सतारवादक बलुजी श्रीवास्तव हे त्या वृंदातील एक वादक होत. तथापि व्यावसायिक वृंदाला वादक लागतात आणि वादक तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. इतर मुले शाळेतील वाद्यवर्ग, गावचा युवावृंद, संगीतमहाविद्यालय अशा पायऱ्या चढत तिथवर पोहोचतात. दिव्यांग मुलांपुढे यांतील बहुतेक पायऱ्याच नव्हत्या. ब्रिस्टल येथील 'ओपनअप म्युझिक' या संस्थेने नेमके हे पायऱ्यांचे काम हाती घेतले. विशेष शाळांमधून 'ओपन ऑर्केस्ट्राज' हा उपक्रम, त्यावर इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातला प्रादेशिक युवावृंद, आणि त्याच्याही वर २०१८ साली सुरू झालेला 'नॅशनल ओपन यूथ ऑर्केस्ट्रा' अशी ती चढण आहे. या शेवटच्या वृंदात ११ ते २५ वयोगटातील दिव्यांग आणि अदिव्यांग वादक बरोबरीने वाजवतात, आणि ही बरोबरी प्रत्यक्षात कशी साधते हाच अभ्यासाचा खरा विषय आहे.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. दिव्यांग मुले आणि संगीत यांचा एकत्र उल्लेख होताच बहुतेकांच्या मनात संगीतोपचार येतो, आणि त्याला कारणही आहे; अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि ब्रिटिश विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ पासून विकसित केलेली उपचारपद्धती या क्षेत्रातली पायाभूत पद्धती असून तिचे मोल वादातीत आहे. परंतु उपचारात संगीत हे साधन असते. मूल ओरडले, टेबलावर थाप मारली किंवा नुसते डोलले, तरी उपचारक आपले वादन त्याच्या हालचालीशी जुळवून घेतो आणि त्या जुळण्यातून मुलाचा प्रतिसाद वाढवत नेतो. समूहवादनात जुळवून घेण्याची जबाबदारी दोन्हीकडे असते. मुलाला चार आवर्तने थांबावे लागते, दुसऱ्याच्या वाक्याला उत्तर द्यावे लागते, आपला आवाज चढला असेल तर उतरवावा लागतो. उपचाराच्या चौकटीत मुलाकडून अशी अपेक्षा करणे अनेकदा अयोग्य ठरेल, आणि वृंदाच्या चौकटीत ती न करणे हा मुलाचा अपमान ठरेल. दिव्यांग मुलांच्या वाट्याला संगीत बहुधा उपचार म्हणून आले, कला म्हणून क्वचितच आले, ही या क्षेत्रातली जुनी तक्रार आहे आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या दिव्यांग हक्क कराराने या तक्रारीला कायद्याची भाषा दिली. त्याच्या ३० व्या अनुच्छेदानुसार दिव्यांग व्यक्तींना आपली सर्जनक्षमता विकसित करण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि तीही केवळ त्यांच्या हितासाठी नव्हे, तर समाज समृद्ध व्हावा म्हणून. भारताने २००७ साली हा करार मान्य केला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातही सांस्कृतिक जीवनाच्या हक्काचे स्वतंत्र कलम आहे.

या सर्व चर्चेच्या मुळाशी अपंगत्वाचा 'सामाजिक सिद्धान्त' आहे. ब्रिटनमधील दिव्यांग कार्यकर्त्यांच्या एका संघटनेने १९७६ साली तो प्रथम मांडला आणि समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी १९८३ साली त्याला नाव दिले. शरीरातील न्यून ही एक गोष्ट आणि त्या न्यूनाची दखल न घेता रचलेल्या जगामुळे येणारी अडवणूक ही दुसरी गोष्ट, असे त्याचे सूत्र आहे. वाद्यांच्या बाबतीत हा सिद्धान्त जितका शब्दशः लागू पडतो तितका अन्यत्र क्वचितच पडत असेल. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील जवळपास प्रत्येक वाद्य दोन हात आणि दहा बोटे गृहीत धरून घडलेले आहे, आणि हे गृहीतक ध्वनिशास्त्रातून आलेले नसून कारागिराच्या समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या शरीरातून आलेले आहे. जर्मन हॉर्नवादक फेलिक्स क्लीझर यांना जन्मतः हात नाहीत. हॉर्न एका स्टँडवर बसवून ते त्याच्या कळा डाव्या पायाच्या बोटांनी दाबतात आणि युरोपातील प्रमुख वृंदांसोबत वाजवतात. बर्मिंगहॅम येथे २०११ साली स्थापन झालेला 'ओमी' हा न्यास एका हाताने, पण कोणताही स्वर न गमावता वाजवता येतील अशी वाद्ये कारागिरांकडून घडवून घेतो. 'कोणताही स्वर न गमावता' ही त्यातली मोलाची अट आहे, कारण सोपे केलेले वाद्य आणि वेगळ्या शरीरासाठी बांधलेले पूर्ण वाद्य यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मराठी वाचकाला यासाठी फार दूर जायला नको. हातपेटीत एक हात भात्यावर आणि एक पट्ट्यांवर लागतो, त्यामुळे अर्धांगाने एक हात गमावलेल्या मुलाला ती वाजवता येत नाही; परंतु संगीत नाटकांच्या काळापासून परिचित असलेल्या पायपेटीत भात्याचे काम पायांकडे जाते, आणि त्याच मुलाला एका हाताने संपूर्ण सप्तके खुली होतात. ही सोय कोणी दिव्यांगांसाठी केलेली नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

पायपेटीचा हा मार्ग ज्यांच्या कामी येत नाही, म्हणजे ज्यांच्या चारही अवयवांवर नियंत्रण नाही, त्यांच्यासाठी खरा बदल घडला तो १९८३ साली 'मिडी' ही संकेतप्रणाली आल्यावर. व्हायोलिनमध्ये किंवा सतारीत वादकाची हालचाल हीच तारेच्या कंपनाचे कारण असते. हालचाल आणि ध्वनी यांची तिथे भौतिक गाठ असते. मिडीने ही गाठ सोडवली. कोणता स्वर, किती जोराने, कधी सुरू, कधी बंद एवढीच माहिती एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे अंकरूपाने जाऊ लागली, आणि ती माहिती कळ दाबून आली, की मान वळवून आली, की श्वास सोडून आली, याच्याशी ध्वनी निर्माण करणाऱ्या यंत्राला कर्तव्य उरले नाही. संगीतकार एडवर्ड विल्यम्स यांनी विकसित केलेले 'साउंडबीम' हे उपकरण याच तत्त्वावर चालते. त्यातून श्रवणातीत ध्वनिलहरींचा एक अदृश्य झोत निघतो, झोतात आलेल्या हातावरून, पायावरून किंवा चाकखुर्चीवरून लहरी परततात, त्यांना लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते आणि त्या अंतराला स्वर नेमून दिलेला असतो. मोटार अपघातानंतर खांद्यांखालचे शरीर लुळे पडलेले ट्रम्पेटवादक क्लॅरेन्स अडू यांच्यासाठी संगीतकार रोल्फ गेल्हार यांनी घडवलेले 'हेडस्पेस' हे वाद्य मानेच्या हालचाली आणि फुंकर यांवर चालते. यात फुंकर ठेवली गेली हे फार महत्त्वाचे आहे. आयुष्यभर श्वासावर वाक्य तोलणाऱ्या वादकाला नुसती कळ देणे म्हणजे त्याची विद्या काढून घेणे झाले असते. 'ओपनअप म्युझिक'चे 'क्लॅरियन' हे वाद्य आणखी एक पाऊल पुढे जाते. त्यात पडद्यावर स्वरांच्या आकृती वादक आणि शिक्षक मिळून मांडतात, त्या लहान-मोठ्या करता येतात, जवळ-दूर ठेवता येतात, आणि बोट, पाय, डोके किंवा नजर यांपैकी ज्यावर वादकाचा ताबा असेल त्याने ती वाजवता येतात. येथे वाद्य तयार मिळत नाही. ते प्रत्येक वादकाबरोबर पुन्हा रचले जाते.

नजरेने वाजवण्याच्या पद्धतीकडे जरा तपशिलात पाहणे उपयुक्त ठरेल, कारण समूहवादनाच्या सर्व अडचणी तिच्यात एकवटलेल्या आहेत. पडद्याखाली बसवलेला कॅमेरा आणि अवरक्त प्रकाश यांच्या साहाय्याने बाहुलीची दिशा मोजली जाते आणि पडद्यावरील ज्या बिंदूकडे वादक पाहतो तो बिंदू निश्चित होतो. परंतु डोळा हा मुळात पाहण्याचा अवयव आहे, वाजवण्याचा नव्हे. तो सरकत नाही, उड्या मारतो, आणि सेकंदात तीन-चार वेळा आपणहून जागा बदलतो. नजर पडली की स्वर वाजला असे केले, तर वाटेत दिसणारा प्रत्येक स्वर नको असताना वाजतो; नजर काही काळ स्थिरावल्यावरच स्वर वाजेल असे केले, तर तेवढा उशीर होतो. चांगल्या छोट्या वृंदातील वादकांचे एकत्र सुरू होणारे स्वरसुद्धा परस्परांपासून सुमारे ३० ते ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे असतात आणि कानाला ते एकत्रच वाटतात. मंचाच्या एका टोकाकडून दहा मीटर दूरच्या टोकाकडे ध्वनी पोहोचायलाही जवळजवळ ३० मिलिसेकंद लागतात. नजर स्थिरावण्याचा अवधी मात्र याच्या कितीतरी पट असतो, आणि असा वादक प्रत्येक समेला मागे पडलेला ऐकू येतो. त्याहून मोठी अडचण निराळीच आहे. संचालकाकडे पाहायचे तर पडद्यावरून नजर हटवावी लागते, आणि नजर हटवली की वादन थांबते. इतर वादकांना उपलब्ध असलेली कोपऱ्यातल्या नजरेने पाहण्याची सोय येथे नाही.

यावर शोधलेले उपाय संगीताच्या दृष्टीने मनोवेधक आहेत. स्वरांच्या आकृतींमध्ये मुद्दाम रिकाम्या जागा ठेवल्या जातात, जिथे डोळ्याला विसावा घेता येतो. संचालकाची प्रतिमा वादकाच्या पडद्यावरच आणता येते. आणि सर्वांत साधा व बहुधा सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्या वादकाला इशारा दृष्टीने न देता कानाने देणे, म्हणजे शेजारच्या चेलोवादकाच्या एखाद्या ठरलेल्या वाक्याच्या शेवटी त्याने प्रवेश करावा असे रचनेतच लिहून ठेवणे. भारतीय संगतकाराला हे नवे वाटणार नाही. तबलजी मुखडा ऐकून सम गाठतो, त्याला कोणी हातवारे करून दाखवत नाही. अंध वादकांच्या बाबतीत ब्रिटनमधील 'ह्यूमन इन्स्ट्रुमेंट्स' या गटाने संचालकाच्या छडीची हालचाल वादकाच्या अंगावर बसवलेल्या उपकरणात स्पंदनरूपाने पोहोचवण्याचा प्रयोग केला आहे आणि तो कौतुकास्पद आहे. तरीही संचालकाने ऐकू येईल असा श्वास घेऊन सुरुवात करावी, ही मागणी अंध वादकांकडून आजही केली जाते आणि तिला काहीच खर्च येत नाही.

तंत्रज्ञानाने सोडवलेल्या प्रश्नांपेक्षा त्याने निर्माण केलेला एक प्रश्न अधिक गंभीर आहे. साउंडबीमसारखे उपकरण भूपाच्या पाच स्वरांत बांधून ठेवले, तर कशीही हालचाल केली तरी जे वाजेल ते कानाला गोड लागते. चुकीचा स्वर अशी वस्तूच त्यात उरत नाही. पहिल्या भेटीत, भेदरलेल्या मुलासाठी, ही मोठी कृपा असते. परंतु तेच मूल पाच वर्षांनंतरही त्याच पाच स्वरांत हात हलवीत असेल, तर त्याला वाद्य दिले गेलेले नाही, वाद्याचा आभास दिला गेला आहे. जिथे चुकता येत नाही तिथे शिकताही येत नाही, आणि जिथे रियाजाने काहीच बदलत नाही तिथे रियाज करण्याचे कारणही राहत नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांचा कल अद्यापही मुलाला यश मिळालेच पाहिजे याकडे असतो, आणि त्यामागील करुणा समजण्यासारखी आहे. तथापि तिचा परिणाम असा होतो, की पालक टाळ्या वाजवतात, शिक्षक टाळ्या वाजवतात आणि मुलाला मात्र आपल्या हालचालीचा आणि त्या टाळ्यांचा संबंध कळत नाही. म्हणून वाद्याची निवड करताना ते पहिल्या दिवशी किती सोपे आहे हे पाहावेच, पण पाचव्या वर्षी ते पुरेसे अवघड राहील काय हेही पाहिले पाहिजे.

संगीत लिहिण्याच्या पद्धतींचा प्रश्न यानंतर येतो. स्वतः ऑर्गनवादक असलेल्या लुई ब्रेल यांनी १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या पुस्तिकेच्या शीर्षकातच संगीताचा उल्लेख आहे, म्हणजे अंधांसाठी लिपी आणि अंधांसाठी स्वरलिपी या जुळ्या कल्पना होत. मात्र ब्रेल बोटांनी वाचावी लागते आणि वाजवतानाही बोटेच लागतात, त्यामुळे अंध वादकाला आपला भाग आधी वाचून पाठ करावा लागतो. पहिल्या तालमीच्या दिवशी संहिता वाटण्याचा सर्वत्र रूढ असलेला प्रघात त्याला वृंदाबाहेर ठेवायला पुरेसा होतो, आणि यासाठी कोणते यंत्र नव्हे, तर संहिता काही आठवडे आधी पाठवणारा व्यवस्थापक हवा असतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात 'फिगरनोट्स' ही पद्धती तयार झाली. हेलसिंकीच्या 'रेझोनारी' या संगीतकेंद्रातून ती पसरली. तिच्यात रंगावरून स्वर कळतो आणि आकारावरून सप्तक कळते, वाद्याच्या पट्ट्यांवर तेच रंग व तेच आकार चिकटवलेले असतात, आणि चिन्हापुढे ओढलेल्या पट्टीच्या लांबीवरून स्वर किती काळ धरायचा ते कळते. पारंपरिक स्वरलिपीतून सांगितली जाणारी माहितीच येथे सांगितलेली असते, परंतु चिन्हाकडून कृतीकडे जाताना लागणारा मनातल्या मनातला अनुवाद वगळलेला असतो.

भारतीय परंपरेत लिखित संहितेची ही अडचण मुळातच कमी होती. गुरुमुखातून तालीम घेणाऱ्या शिष्याला डोळ्यांची गरज कमी पडते, आणि अंध गायक-वादकांची परंपरा आपल्याकडे दीर्घ आहे. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झालेल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विद्या घेतली आणि पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ज्यांचे स्वतःचे शिक्षण कानाने झाले त्यांनीच पुढे स्वरलिपी रचून संगीतशिक्षण वर्गात आणले, हा इतिहासाचा एक विलक्षण योग म्हणावा लागेल. परंतु या परंपरेचा केंद्रबिंदू एकल कलाकार आहे. आजही महाराष्ट्रातील संगीतपरीक्षांची शिडी, प्रवेशिकेपासून विशारदपर्यंत, एकेकट्या विद्यार्थ्याची परीक्षा घेत वर जाते. भजनी मंडळ, लेझीम, ढोलपथक ही आपल्याकडील समूहवादनाची खरी विद्यालये होत, आणि त्यांतील भजनी मंडळ हे सर्वांत उदार. तिथे नवखा टाळकरी आणि मुरलेला पखवाजी एकाच अभंगात असतात. ज्याला एकच हात चालतो त्याला टाळाऐवजी चिपळ्या घेता येतात. मात्र ही उदारता व्यक्तींच्या भल्या मनावर अवलंबून आहे, तिला पद्धतीचे रूप कोणी दिलेले नाही, आणि चालता न येणाऱ्या मुलासाठी दिंडी थांबेलच असे नाही. वरोऱ्याजवळील आनंदवनात डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'स्वरानंदवन' हा कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर व अन्य दिव्यांग कलाकारांचा वृंद या संदर्भात महत्त्वाचा आहे, कारण तो वसाहतीत एकत्र राहणाऱ्या माणसांमधून घडला. ब्रिटनमधील वृंदांना वाहतूक, सोबती आणि तालमीची जागा यांवर जो खर्च करावा लागतो, त्यातला बराचसा प्रश्न येथे सहजीवनाने सुटला. ही व्यवस्था शहरातल्या सदनिकेत राहणाऱ्या मुलापर्यंत नेता येत नाही, ही तिची मर्यादाही ओघानेच येते.

श्रवणदोष असलेल्या मुलांचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे, आणि येथे सर्वसामान्य समजूत सर्वाधिक चुकते. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे आंतरकर्णात बसवलेल्या विद्युताग्रांच्या साहाय्याने श्रवणचेतेला उद्दीपित करणारे उपकरण. निरोगी कर्णात सुमारे साडेतीन हजार आंतर केशपेशी जे काम करतात ते येथे बारा ते बावीस विद्युताग्रांना करावे लागते. परिणामी लय जवळजवळ पूर्णपणे कळते, स्वराची उंची मात्र धूसर राहते. असे मूल बेसूर असते असे म्हणण्यापेक्षा त्याला लयीचा वादक म्हणून पाहणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. भारतातही केंद्र शासनाच्या 'एडिप' योजनेतून लहान मुलांवर ही शस्त्रक्रिया केली जाते, म्हणजे अशी मुले आज शाळांमधून आहेत, आणि प्रार्थनेच्या वेळी त्यांना बहुधा ओठ हलवायला सांगितले जाते; ढोलकी मात्र कोणी पुढे करीत नाही. पूर्ण बधिर मुलांसाठी व्हेनेझुएलात आणखी वेगळी वाट काढली गेली. होसे अंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली सुरू केलेल्या 'एल सिस्तेमा' या युवावृंद चळवळीच्या विशेष शिक्षण विभागातून, बार्किसिमेतो शहरात, 'शुभ्र हातांचा वृंद' उभा राहिला. त्यात गाणाऱ्या मुलांच्या शेजारी बधिर मुले पांढरे हातमोजे घालून हातांच्या हालचालींनी तीच रचना दृश्यरूपात साकारतात. याला संगीत म्हणावे की नृत्य, असा वाद होऊ शकतो; परंतु प्रवेश, विराम, चढ-उतार आणि इतरांशी जुळणे या समूहवादनाच्या सर्व अटी त्यात पाळल्या जातात, आणि एकही हात चुकला तर तो दिसतो. आरंभी सांगितलेली कसोटी येथे पूर्ण होते.

येथून विवेचन रचनाकाराकडे वळते, आणि प्रस्तुत प्रतिपादनाचे मध्यवर्ती स्थानही तेच आहे. बेथोवनच्या सिम्फनीतील दुसऱ्या व्हायोलिनचा भाग नजरेने वाजवायच्या वाद्यावर उतरवणे हा बहुधा निष्फळ उद्योग ठरतो, कारण तो भाग धनुष्याच्या चलनातून सुचलेला आहे. वृंद खुला करायचा असेल, तर त्या वृंदासाठी लिहिले गेले पाहिजे. टेरी रायली यांच्या १९६४ सालच्या 'इन सी' या रचनेत ५३ छोटी वाक्ये आहेत, प्रत्येक वादक ती क्रमाने वाजवतो, परंतु प्रत्येक वाक्य किती वेळा वाजवावे आणि पुढे केव्हा जावे हे तो स्वतः, इतरांचे ऐकून, ठरवतो. वाद्ये कोणतीही चालतात, संख्या कितीही चालते. ही रचना दिव्यांगांचा विचार करून केलेली नव्हती, तरीही वेगवेगळ्या गतीची शरीरे एका काळात कशी राहू शकतात याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडत नाही. २०१२ च्या ऑलिंपिकनिमित्त ब्रिटनमध्ये प्रत्येकी १२ मिनिटांच्या वीस नव्या रचना लिहून घेतल्या गेल्या, त्यांतील ऑलिव्हर सर्ल यांची 'टेक्नोफोनिया' ही 'ड्रेक म्युझिक स्कॉटलंड' या संस्थेच्या तरुण दिव्यांग वादकांसाठी होती आणि तीत संवेदकांवर चालणारी वाद्ये नेहमीच्या वाद्यांशेजारी बसली. अशा रचनाकाराला आधी वादकांना भेटावे लागते. एखाद्या वादकाचा स्नायू सकाळी शिथिल आणि दुपारी ताठ असेल, तर त्याला दीर्घ स्वरांचा भाग द्यायचा की तुटक स्वरांचा, हे मेजावर बसून ठरत नाही.

तालीम, जागा आणि मंच यांविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे, कारण त्यांतील उपाय ज्ञात आहेत, ते अमलात आणण्याचा आळस तेवढा शिल्लक आहे. तीन तासांची सलग तालीम अनेक दिव्यांग तरुणांना शक्य नसते. वृंदाच्या मोठ्या आवाजाने कासावीस होणाऱ्या स्वमग्न वादकाला शेजारी एखादी शांत खोली लागते. स्वच्छतागृह, सोबती आणि चाकखुर्चीच्या विद्युतघटासाठी एक जोडणी लागते. नाट्यगृहांची एक गंमत अशी, की प्रेक्षागृहापर्यंत उतार असतो आणि रंगमंचावर जायला मात्र अनेक ठिकाणी फक्त पायऱ्या असतात. दिव्यांग व्यक्ती श्रोता म्हणून येईल एवढी कल्पना वास्तुरचनाकाराने केलेली असते, ती कलावंत म्हणून येईल ही कल्पना त्याला शिवलेली नसते. नेतृत्वाच्या बाबतीतही हेच घडत आले. बोर्नमथ सिम्फनी ऑर्केस्ट्राने २०१८ साली 'रिझाउंड' हा दिव्यांग वादकांचा वृंद सुरू केला, तेव्हा त्याच्या संचालनाची धुरा जेम्स रोझ यांच्याकडे दिली. त्यांना मेंदूचा पक्षाघात असून ते डोक्याला बसवलेल्या छडीने संचालन करतात. त्याच वर्षी हा वृंद लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'प्रॉम्स' महोत्सवात वाजला. त्या घटनेचे मोल प्रतीकात्मकतेपुरते नाही, कारण ज्या संचालकाला स्वतःची हालचाल काटकसरीने वापरावी लागते, तो वादकांना परस्परांचे ऐकायला भाग पाडतो.

एक प्रश्न अजून सर्वत्र अनुत्तरित आहे, आणि प्रस्तुत ग्रंथाच्या उत्तरार्धात त्याला सर्वाधिक जागा दिलेली आहे. चांगले व्हायोलिन तीनशे वर्षे टिकते. संगणकप्रणालीवर चालणारे वाद्य त्या प्रणालीच्या दोन-तीन आवृत्त्या बदलल्यावर उघडत नाही, संवेदकाचा निर्माता उत्पादन थांबवतो, आणि ज्या तरुणाने दहा वर्षे त्या वाद्यावर हात, म्हणजे नजर किंवा मान, बसवलेली असते त्याची विद्या एका रात्रीत निराधार होते. त्या वाद्यासाठी लिहिलेली रचनाही त्याच्याबरोबर मुकी होते. व्हायोलिन मोडले तर दुसरे आणता येते, कारण ते वाजवणारे आणि दुरुस्त करणारे हजारो आहेत. एका व्यक्तीसाठी बांधलेल्या वाद्याचा कारागीर, शिक्षक आणि वादक यांची संख्या बहुधा तीनच असते. त्यामुळे अशा वृंदांसाठी लिहिणाऱ्यांनी संहितेत यंत्राचे नाव घालण्याऐवजी त्या भागाला किती स्वर लागतात, स्वर किती काळ धरावा लागतो, प्रवेशाला किती मिलिसेकंदांची सवलत आहे आणि आवाजाची चढ-उतार किती सूक्ष्म हवी, हे चार तपशील नोंदवावेत, म्हणजे पुढच्या पिढीतील वादकाला, त्याचे वाद्य आणि शरीर कोणतेही असले, तरी तो भाग उचलता येईल.